धंद्याचं नाव रजिस्टर कसं करायचं? छोट्या व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकान, पार्लर, क्लासेस, घरगुती मसाले-लोणची, टेलरिंग, केटरिंग असा एकट्याच्या मालकीचा नाहीतर घरातल्या दोघातिघांचा धंदा महाराष्ट्रात चालवणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. जिथे फीचा आकडा दिलाय ती सरकारी फी आहे, एजंट किंवा वकील जे घेतो ते वेगळं.

मला फक्त माझ्या धंद्याचं नाव रजिस्टर करायचंय, कुठल्या ऑफिसात जाऊ?

असं एक ऑफिसच नाहीये, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. एकट्या मालकाच्या धंद्याला म्हणजे प्रोप्रायटरशिपला आपल्याकडे "नाव नोंदणी" अशी वेगळी काही सोयच नाही. गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंद), उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद), जीएसटी, फूड लायसन्स या प्रत्येक फॉर्ममध्ये धंद्याचं नाव लिहायला एक रकाना असतो, तिथे तुम्ही जे लिहाल ते सर्टिफिकेटवर छापून येतं आणि बँक ते मान्य करते. पण यातल्या एकाही ठिकाणी कोणी बघत नाही की हे नाव आधीच दुसऱ्याचं आहे का, आणि "आता हे नाव फक्त तुमचंच" असं कोणी लिहूनही देत नाही. ते काम ट्रेडमार्कचं, म्हणजे नावावरच्या हक्काच्या नोंदणीचं, आणि त्याचं सरकारी खातंच वेगळं. म्हणून आधी ठरवा तुम्हाला काय पाहिजे, नावाने खातं उघडून धंदा करायचाय, की ते नाव दुसऱ्या कोणी वापरू नये असं पाहिजे. बहुतेकांना दोन्ही पाहिजे असतं पण कागद फक्त पहिल्याचेच काढलेले असतात.

गुमास्ता काढलाय की, मग नाव माझं नाही का झालं?

नाही झालं. त्याच गल्लीत समोरचा माणूस तेच नाव टाकून उद्या गुमास्ता काढू शकतो, पोर्टल त्याला अडवणार नाही. गुमास्ता हा कामगार कायद्याचा कागद आहे, तुमच्याकडे माणसं किती, दुकान कुठे, मालक कोण एवढंच तो सांगतो. पण म्हणून तो बिनकामाचा आहे असं अजिबात नाही, कारण अमुक तारखेला या नावाने तुमचा धंदा चालू होता याचा तो सरकारी पुरावा असतो आणि तो पुढे कसा उपयोगी पडतो ते खाली सविस्तर लिहिलंय. फाईलमध्ये नीट ठेवा, आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलाय तेवढ्यावर राहू नका.

गुमास्ता काढायला काय लागतं?

आता सगळं ऑनलाईन आहे. महाराष्ट्रात जुना १९४८ चा कायदा जाऊन २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आला, तो डिसेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यात दोन रस्ते आहेत. माणसं कमी असतील तर फक्त सूचना द्यायची, म्हणजे इंटिमेशन, त्याची लगेच पावती मिळते आणि तीच लोकं गुमास्ता म्हणून वापरतात. माणसं जास्त असतील तर रीतसर नोंदणी. ही मर्यादा कायद्यात मूळ १० कामगारांची होती, ती २० करायला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली, म्हणून फॉर्म भरताना पोर्टलवर कुठला आकडा दिसतोय तो बघूनच पुढे जा. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत हे करायचं असतं. आधार, पॅन, जागेचा पुरावा, स्वयंघोषणापत्र आणि पाटीचा फोटो हे जवळ ठेवून बसा म्हणजे मधेच उठायला लागत नाही.

घरून धंदा करत असाल तरी निघतो. घराच्या दारावर मराठीत नावाची छोटी पाटी लावा आणि त्याचा फोटो द्या.

पाटी मराठीतच पाहिजे का? माझं नाव तर इंग्रजी आहे.

हो, मराठीत देवनागरीत पाहिजेच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर एकटा माणूस चालवतो त्या दुकानालासुद्धा ते लागू आहे. आणि मराठी अक्षरं बाकीच्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत, म्हणजे वर कोपऱ्यात बारीक मराठी आणि खाली मोठ्ठं इंग्रजी असं करून भागत नाही. दुकानदारांच्या संघटना याच्या विरोधात सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या होत्या, तिथे सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांत पाट्या बदला असं सांगितलं गेलं. नाव भाषांतर करायची गरज नाही, इंग्रजी नावच देवनागरीत लिहिलं तरी चालतं. पण माझं म्हणणं असं की नाव निवडतानाच ते देवनागरीत कसं दिसतं, गिऱ्हाईक ते कसं वाचेल, फोनवर सांगितलं तर समजेल का हे आधी बघा. पेंटरकडे ऑर्डर गेल्यावर हे सुचून उपयोग नसतो.

दारूच्या दुकानांना अजून एक बंधन त्याच दुरुस्तीत आहे, थोर व्यक्तींची आणि गडकिल्ल्यांची नावं लावता येत नाहीत.

उद्यम म्हणजे काय, आणि त्याला पैसे लागतात का?

उद्यम म्हणजे छोट्या उद्योगाची केंद्र सरकारकडची ऑनलाईन नोंद, आणि तिला एक रुपया लागत नाही. १ जुलै २०२० पासून हे चालू आहे, आधार नंबर आणि पॅन टाकून स्वतः भरायचं, कागद अपलोड करायला लागत नाहीत. सरकारी साईटसारख्याच दिसणाऱ्या कितीतरी साईट्स "प्रोसेसिंग फी" म्हणून पैसे घेतात, त्या सरकारी नाहीत, कृपया पत्ता नीट बघून उघडा. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा वाढलीये, मशिनरीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, म्हणजे हे वाचणारे जवळजवळ सगळे त्यात बसतात. एका मालकाचं एकच उद्यम निघतं, दुसरा धंदा सुरू केला तर त्याच सर्टिफिकेटमध्ये तो वाढवायचा.

नावाच्या मालकीशी मात्र उद्यमचाही काही संबंध नाही.

जीएसटीमध्ये लीगल नेम आणि ट्रेड नेम असे दोन रकाने आहेत, काय भरू?

लीगल नेम पॅनवरून आपोआप येतं, प्रोप्रायटर असाल तर तिथे तुमचं स्वतःचं नाव येणार, कारण प्रोप्रायटरशिपला वेगळं पॅन नसतंच. ट्रेड नेममध्ये धंद्याचं नाव भरा, आणि गुमास्त्यावर जे स्पेलिंग आहे अगदी तेच भरा. "एंटरप्रायझेस" एकीकडे एकवचनी दुसरीकडे अनेकवचनी, एकीकडे "श्री" आहे दुसरीकडे नाही, असल्या बारीक फरकावरून बँका फाईल परत पाठवतात. एकाच नंबरवर एकापेक्षा जास्त ट्रेड नेमसुद्धा जोडता येतात, म्हणजे एकाच मालकाचं दुकान एका नावाने आणि मसाल्याचा ब्रँड दुसऱ्या नावाने असेल तर दोन जीएसटी काढायची गरज नाही. ट्रेड नेम बदललं तर १५ दिवसांच्या आत पोर्टलवर कळवायचं.

फक्त नावासाठी जीएसटी काढू नका. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख आणि सेवा देणाऱ्याला २० लाख उलाढालीपर्यंत साधारणपणे सक्ती नाही (परराज्यात माल पाठवत असाल तर वेगळे नियम लागतात), आणि एकदा काढलं की विक्री झाली नाही तरी रिटर्न भरत बसायला लागतं. पार्लर चालवणारी एखादी ताई केवळ कोणीतरी "जीएसटी असलं की नाव पक्कं होतं" असं सांगितलं म्हणून नंबर घेते आणि मग लेट फी भरत राहते, हे बघून खरंच वाईट वाटतं.

करंट खातं धंद्याच्या नावाने उघडायला बँक काय मागते?

रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांप्रमाणे प्रोप्रायटरला धंद्याच्या नावाचे कुठलेही दोन पुरावे द्यायचे असतात. गुमास्ता, उद्यम, जीएसटी, इन्कम टॅक्स रिटर्न, धंद्याच्या नावाचं लाईटबिल यातले कुठलेही दोन. दोन मिळणं शक्यच नसेल तर प्रत्यक्ष जागा बघून वगैरे एकावरही खातं उघडायची मुभा बँकेला आहे, पण ती बँकेची मर्जी. बहुतेक छोट्या धंद्यांचं गुमास्ता आणि उद्यम या दोनावर भागतं. सोबत "प्रोप्रायटर" लिहिलेला रबर स्टॅम्प करून न्या. आणि महाराष्ट्रात धंदा म्हटला की प्रोफेशन टॅक्सचा नोंदणी नंबरपण घ्यायचा असतो, मालकाचा वर्षाला २५०० रुपये, तो लोकं विसरतात.

ट्रेडमार्क सगळ्यांनीच काढायला पाहिजे का?

नाही. गल्लीतलं किराणा दुकान, जिथे माणसं जवळ आहे म्हणून येतात, त्याला आज ट्रेडमार्क नसला तरी काही बिघडत नाही. पण तुमचं नाव पाकिटावर छापलं जातंय, माल दुसऱ्या गावच्या दुकानात जातोय, इन्स्टावरून ऑर्डरी येताहेत, कोणी फ्रँचायझी मागतंय, तर वाट बघू नका. अशा वेळी गिऱ्हाईक तुम्हाला ओळखत नाही, पाकिटावरच्या नावाला ओळखतं, आणि ते नाव गेलं तर कष्टाने जोडलेलं गिऱ्हाईकही जातं. मोठ्या ऑनलाईन साईट्ससुद्धा ब्रँड म्हणून नोंद करून घ्यायला ट्रेडमार्कचा नंबर विचारतात.

नाव मोकळं आहे का ते कसं बघायचं?

ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साईटवर पब्लिक सर्च आहे, फुकट आहे. तिथे नुसतं नाव जसंच्या तसं टाकून "काही आलं नाही" म्हणून खूश होऊ नका. फोनेटिक म्हणजे उच्चारावरून शोधायची सोय आहे ती वापरा, कारण रजिस्ट्रीत अर्ज तपासणारा परीक्षक ऐकायला सारखं नावसुद्धा सारखंच धरतो, स्पेलिंग बदलून फायदा होत नाही. मधला शब्द, शेवटचा शब्द असंही शोधा. मग कंपन्यांची नोंदणी होते त्या सरकारी साईटवर, गूगलवर, इन्स्टावर, नकाशावर बघा, कारण रजिस्टर न केलेलं पण वर्षानुवर्षं चाललेलं नावही तुम्हाला पुढे अडचणीत आणू शकतं. एक संध्याकाळ जाते यात. बोर्ड, पाकिटं, बिलबुक, सगळं छापायच्या आधी ही एक संध्याकाळ द्याच.

कुठली नावं मिळत नाहीत?

जे नाव नुसतं मालाचं वर्णन करतं ते. "शुद्ध तूप", "ताजे मसाले", "घरगुती फराळ", "नंबर वन टेलर्स" हे सगळ्यांनाच वापरायला लागणारे शब्द आहेत, एकाला कसे देणार. गावाच्या नावाचंही तसंच, "कोल्हापुरी" किंवा "मालवणी" हा एकटा शब्द कोणाच्या मालकीचा होत नाही, आणि कोल्हापुरी चपलेला तर २०१९ मध्ये जीआय (त्या भागाच्या मालाची भौगोलिक ओळख) मिळालाय, म्हणजे ते नाव तिथे ती बनवणाऱ्या सगळ्या कारागिरांचं आहे.

देवांची नावं हा आपल्याकडचा मोठा विषय. साई, गणेश, माऊली, स्वामी समर्थ, ज्योतिबा, यांच्यावर श्रद्धा असते म्हणून नाव ठेवलं जातं आणि ते ठेवायला कोणाची बंदी नाही, फक्त त्यावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये अगरबत्तीसाठी "रामायण" या एकट्या शब्दाचा ट्रेडमार्क नाकारला होता, धर्मग्रंथाच्या नावावर एकाची मक्तेदारी नको म्हणून. तेव्हा देवाचं नाव ठेवायचंच असेल तर त्याला जोडून तुमचा स्वतःचा असा एखादा शब्द ठेवा, म्हणजे निदान त्या जोडनावाला काही ताकद राहते.

सगळ्यात भक्कम नाव ते, ज्याचा मालाशी काही संबंध नाही किंवा जो शब्दच तुम्ही तयार केलाय. सुरुवातीला लोकांना समजावून सांगायला त्रास होतो हे खरं, पण नंतर ते कोणी हिसकावू शकत नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दुकानाला देता येतं का?

हे फार जणांना माहीतच नसतं. १९५० चा बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र, "शिवाजी" हा शब्द, तसंच महात्मा गांधी, "गांधी", "नेहरू" हे सगळं आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्क म्हणून ते वापरता येत नाही. अशी नावं लावलेली दुकानं आजूबाजूला दिसतात म्हणून चालतं असं समजू नका. महाराजांबद्दल आदर आहे म्हणूनच ते नाव पाकिटावर छापू नका, ते पाकीट शेवटी रस्त्यावर पडतं.

आमचं आडनाव हेच आमच्या धंद्याचं नाव आहे. दुसरा त्याच आडनावाचा माणूस आला तर?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि आपल्याकडे "अमुक बंधू", "तमुक आणि सन्स" ची पद्धत असल्यामुळे सतत येतो. कायदा असा की प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने धंदा करणाऱ्याला, फक्त दुसऱ्याने तो ट्रेडमार्क घेतलाय एवढ्यावरून, थांबवता येत नाही. पण प्रामाणिकपणे हा शब्द महत्त्वाचा, पलीकडच्याने तुमच्यासारखंच अक्षर, तुमचाच रंग, तसंच पाकीट घेतलं तर मग तो नुसतं आडनाव वापरत नाही, तुमच्या गिऱ्हाईकाला फसवतोय, आणि तिथे कोर्ट त्याला रोखू शकतं.

भाऊभाऊ वेगळे होतात तेव्हा तर हे फार जिवाला लागतं. वाटणीपत्रात घर, दुकान, गाळा, गोडाऊन, सोनं सगळं लिहिलेलं असतं आणि नाव कोणाकडे राहणार हेच लिहिलेलं नसतं. तोंडी "तू पण वापर, मी पण वापरतो" असं ठरतं, पहिली पिढी समजुतीने चालते आणि मुलं मोठी झाली की कोर्टात जातात. वाटणीच्या वेळीच लिहा, नाव कोणाचं, दुसऱ्याने वापरायचं असेल तर कुठल्या गावात, कुठल्या मालासाठी, पुढे काय जोडून.

क्लास म्हणजे काय, मी कुठला घ्यायचा?

माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत, १ ते ३४ माल आणि ३५ ते ४५ सेवा. मसाले, पापड, चहा ३० मध्ये, लोणची २९ मध्ये, कपडे आणि चपला २५, दागिने १४, अगरबत्ती ३, दुकान चालवणं ३५, शिकवणी ४१, हॉटेल आणि केटरिंग ४३, पार्लर ४४. फी प्रत्येक वर्गाला वेगळी, म्हणून मसाला आणि लोणचं दोन्ही करणाऱ्या ताईंना दोन वर्ग लागतात. आज जे करताय आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जे नक्की करणार आहात तेवढेच घ्या. नोंदणी झाल्यावर पाच वर्षांहून जास्त काळ वापरलाच नाही तर तो वर्ग काढून टाकायला दुसरा माणूस अर्ज करू शकतो, म्हणजे उगाच दहा वर्ग घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

फी किती?

अर्ज टीएम-ए फॉर्मवर होतो. व्यक्ती, प्रोप्रायटर किंवा उद्यम असलेला छोटा उद्योग, यांना ऑनलाईन ४५०० रुपये एका वर्गाला, बाकीच्यांना ९०००. कागदावर भरला तर ५००० आणि १०,०००. भागीदारी फर्म किंवा कंपनी असाल तर सवलतीसाठी उद्यम सर्टिफिकेट जोडायला विसरू नका, नाहीतर दुप्पट जातात. नोंदणी १० वर्षं चालते, मग दर १० वर्षांनी रिन्यू करत राहायचं, कितीही वेळा.

नुसतं नाव टाकू की लोगो? मराठीत की इंग्रजीत?

पैसे एकाच अर्जाचे असतील तर नुसतं नाव, म्हणजे वर्डमार्क. लोगो पाच वर्षांनी बदलावासा वाटतो, नाव तेच राहतं. नाव फारच साधं असेल आणि एकटं टिकणार नाही असं वाटत असेल तेव्हा लोगोसकट टाकतात, पण मग संरक्षण त्या चित्रासकटच मिळतं. लिपीचं म्हणाल तर उच्चार एकच असेल तर एका लिपीतला अर्ज दुसऱ्या लिपीतल्या नकलेविरुद्धही बराचसा कामाला येतो. पाकिटावर जे जास्त मोठं छापता ते टाका, आणि मराठी शब्दाचा उच्चार आणि अर्थ अर्जात लिहून द्या.

"यूझ सिन्स" म्हणजे कधीपासून वापरताय असं विचारतात, तिथे काय लिहू? आणि पुरावा म्हणजे काय?

इथे थोडं थांबून वाचा, कारण माझ्या मते सगळ्या अर्जातला हा सगळ्यात किमती रकाना आहे आणि एजंट तो घाईत "प्रपोज्ड टू बी यूझ्ड" म्हणजे अजून वापरायचंय असं टाकून मोकळा होतो. तुम्ही १५ वर्षं त्या नावाने चिवडा विकताय आणि तुमच्याच अर्जात लिहिलंय की अजून सुरुवात केलेली नाही, म्हणजे १५ वर्षांचा हक्क आपल्या हाताने बाजूला ठेवल्यासारखं झालं.

आपल्या कायद्यात आधी कोणी वापरलं याला फार वजन आहे, रजिस्टर कोणी आधी केलं यापेक्षाही. तमिळनाडूत तिरुनेलवेलीच्या "इरुट्टुकडै" हलव्याच्या वादात सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये हेच सांगितलं, आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नंतर रजिस्टर करणाऱ्यापेक्षा वरचढ. आपल्या पुण्यातलीच केस घ्या, कॅम्पातलं बर्गर किंग. अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये दावा लावला, पुण्याच्या मालकांचं म्हणणं की आम्ही १९९२ च्या सुमारापासून हे नाव लावतोय आणि तुमचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. मग मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव वापरायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या मनाईला स्थगिती दिली. एवढ्या मोठ्या कंपनीसमोर एक स्थानिक हॉटेल इतकी वर्षं उभं राहू शकलं ते आधीच्या वापराच्या जोरावर. पण हेही बघा की २०११ पासूनची वर्षं त्यात गेली, सगळ्यांना ते परवडणारं नाही.

तर पुरावा म्हणजे, जुनी बिलबुकं (नाव छापलेली आणि तारीख असलेली), पाकिटं छापून घेतल्याचं प्रिंटरचं बिल, गुमास्ता, फूड लायसन्स, पेपरातली जाहिरात, दिवाळी अंकातली जाहिरात असेल तर फारच छान कारण अंकावर वर्ष छापलेलं असतं, एखाद्या प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, इन्स्टाची पहिली पोस्ट. वापराची तारीख लिहिली की त्यासोबत प्रतिज्ञापत्र आणि हे कागद द्यायचे असतात. कागदावर जे सिद्ध होतं तीच तारीख लिहा, आजोबांनी सुरू केलं असं ऐकलंय म्हणून १९६५ टाकू नका.

धंदा सुरू होतोय त्याच दिवशी एक जाड फाईल करा आणि पहिल्या वर्षाचं एकही बिल रद्दीत देऊ नका.

स्टेटस "ऑब्जेक्टेड" दाखवतंय, माझा अर्ज गेला का?

गेला नाही, घाबरू नका. परीक्षकाने तपासून शंका काढल्यात एवढाच त्याचा अर्थ, बहुतेक अर्जांवर काढतातच. रिपोर्ट मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं, मग गरज पडली तर सुनावणी होते, ती व्हिडिओवर होते त्यामुळे मुंबईला खेटे घालायला लागत नाहीत. पास झालं की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापतात, ते दर सोमवारी निघतं, आणि पुढचे चार महिने कोणालाही विरोध करता येतो. कोणी विरोध केला तर स्टेटस "अपोज्ड" होतं आणि ही मात्र खरी लढाई, इथे विरोधाची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत तुमचं उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. त्या टप्प्यावर चांगला वकील बघाच.

कोणी विरोध केला नाही तरी सगळं मिळून काही महिने ते दीड-दोन वर्षं धरून चाला. मिळालं की हक्क अर्जाच्या तारखेपासूनचा धरला जातो.

नावापुढे टीएम आणि गोलातला आर कधी लावायचा?

टीएम कधीही लावा, अर्ज केलेला नसला तरी. गोलातला आर फक्त नोंदणी झाल्यावरच, त्याआधी लावणं कायद्याने चूक आहे. प्रिंटरला हे लिहून द्या, डिझाईनवाले शोभेसाठी स्वतःच टाकतात.

माझं नाव दुसऱ्यानेच रजिस्टर करून टाकलं, आता?

तुम्ही आधीपासून वापरत असाल तर त्याला तुमचा धंदा बंद करता येत नाही, कायद्यात आधीच्या वापरकर्त्याला तसं संरक्षण आहे, मात्र त्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्या दोन्ही तारखांच्या आधीपासून तुमचा सलग वापर पाहिजे. त्याचा अर्ज अजून जर्नलमध्ये असेल तर चार महिन्यांत विरोध टाका, टीएम-ओ फॉर्म, ऑनलाईन २७०० रुपये एका वर्गाला. नोंदणी झालीच असेल तर ती रद्द करायचा अर्ज करता येतो. तुमचा ट्रेडमार्क नसला तरी कोणी तुमच्या नावावर माल खपवत असेल तर "पासिंग ऑफ" चा दावा लावता येतो, पण तिथे तुमचं नाव लोकांत किती माहीत आहे हे तुम्हालाच सिद्ध करायला लागतं. म्हणजे परत ती फाईलच.

नोटीस आली तर मात्र गप्प बसू नका, फोनवर भांडूही नका आणि लगेच माफीपत्र लिहून देऊ नका. आधी तारखा काढा.

दोघांनी मिळून धंदा करतोय, भागीदारीत नाव कसं?

भागीदारी करारात नाव लिहा आणि रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे फर्मची नोंद करा. १९३२ च्या कायद्यात ही नोंद सक्तीची नाही, पण नोंद नसलेल्या फर्मला करारावरून दुसऱ्यावर दावा लावता येत नाही, म्हणजे कोणी पैसे बुडवले तर हात बांधलेले. ट्रेडमार्कचा अर्ज करताना सगळ्या भागीदारांची नावं घाला.

नावात "प्रायव्हेट लिमिटेड" लिहिलं तर वजन पडेल का?

कंपनी नोंदलेली नसताना लिहू नका, दिवसाला ५०० ते २००० रुपये दंडाची तरतूद आहे. खरीच कंपनी काढायची असेल तर स्पाइस प्लस या कंपनी नोंदणीच्या ऑनलाईन फॉर्मच्या पहिल्या भागात १००० रुपये भरून दोन नावं सुचवता येतात, मंजूर नाव २० दिवस राखून ठेवतात. पण कंपनीचं नाव मिळालं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असं नाही. मिळतंजुळतं नाव आधी रजिस्टर असलेला ट्रेडमार्कवाला तीन वर्षांच्या आत तक्रार करून कंपनीला नाव बदलायला लावू शकतो.

आमचा बचत गट आहे, मसाल्याचं नाव कोणाच्या नावावर घ्यायचं?

अध्यक्ष ताईंच्या एकटीच्या नावावर अजिबात घेऊ नका. आज सगळ्याजणी एकत्र आहेत, त्या ताई कितीही चांगल्या असल्या तरी कायद्याच्या दृष्टीने नाव त्यांचं एकटीचं होतं, आणि उद्या त्यांच्यानंतर ते त्यांच्या वारसांकडे जातं, गटाकडे नाही. सगळ्यांच्या नावाने संयुक्त अर्ज करता येतो, किंवा गटांची मिळून उत्पादक कंपनी, संस्था असं काही असेल तर तिच्या नावावर घ्या. ठराव वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

वडिलांच्या नावावर ट्रेडमार्क आहे, ते गेले. आता?

ट्रेडमार्क ही मालमत्ता आहे, वारसांकडे येते, पण रजिस्टरवर आपोआप नाव बदलत नाही. मृत्यूपत्र किंवा वारसाहक्काचे कागद जोडून टीएम-पी फॉर्म भरायला लागतो. रिन्यूअलची तारीख तेवढ्यात निघून जात नाही ना ते आधी बघा.

मी गोव्यात आहे, माझ्यासाठी वेगळं काय?

दुकानाचा कायदा गोव्याचा स्वतःचा आहे आणि पंचायत किंवा पालिकेचं ट्रेड लायसन्स लागतं. ट्रेडमार्क सगळ्या देशाचा एकच, फक्त गोव्याचे अर्जही महाराष्ट्रासारखेच मुंबईच्या रजिस्ट्रीकडे जातात.

एजंटकडून करून घेतलं तर कशाकडे लक्ष द्यायचं?

पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचा टाकायला सांगा. एजंट आपला टाकतात, मग रिपोर्टची मेल त्यांना येते, ते विसरतात आणि ३० दिवस निघून जातात. "प्रोप्रायटर" किंवा "ॲप्लिकंट" च्या रकान्यात तुमचंच नाव आहे ना हे सबमिट करायच्या आधी स्वतः वाचा. अर्ज भरल्यावर अर्जाचा नंबर आणि पावती त्याच दिवशी मागून घ्या, त्या नंबरवरून स्टेटस कोणालाही बघता येतं, त्यासाठी एजंटला फोन करायला लागत नाही. सरकारी फी किती आणि त्यांची किती हे दोन वेगळ्या ओळींत लिहून मागा. आणि अर्ज टाकल्यावर अनोळखी नंबरवरून "तुमचा ट्रेडमार्क रद्द होतोय, आजच इतके भरा" असे मेसेज येतात, कारण अर्जाची माहिती सगळ्यांना दिसते. पैसे भरायच्या आधी साईटवर जाऊन स्वतः स्टेटस बघा.